रिपीट मारा, परबसाहेब!

आता हसायचंच असेल तर आधी चहाचे कप खाली ठेवा, कारण या किश्श्यात मी जेवढा शहाणा होतो तेवढा आयुष्यात परत कधी झालो नाही.

संप लांबत गेला, गिरणीचं गेट काही उघडेना. मी तिथे टाइम ऑफिसात कारकून. कोण किती मिनिटं उशिरा आला हे लिहायचं, एवढंच माझं कर्तृत्व! पण कामगार 'परबसाहेब' म्हणायचे, आणि इंग्रजी तर असं की अख्ख्या चाळीच्या तारा मीच वाचून द्यायचो. घरी मात्र डबे रिकामे. इंग्रजीची आमटी होते का हो?

शेवटी भोईवाड्यात सखाराम कांबळेकडे गेलो. आमच्याच गिरणीतला फिटर. संपात त्याने जिन्याखाली मोटरसायकलचं गॅरेज टाकलेलं. आणि याच माणसाला मी किती लेटमार्क दिले असतील, विचारू नका!

"सखादादा, काही काम असेल तर..."

"या की, परबसाहेब!" तो म्हणाला. "आजचा दिवस बघू. जमलं तर सोमवारपासून या."

खरं सांगतो, माणूस देव! तेवढ्यात कोळीवाड्यातलं एक जोडपं मोटरसायकल ढकलत आलं. चेन तुटलेली. काका घामाघूम, मावशी हिरव्या लुगड्यात, केसांत गजरा, हातात पेढ्यांचं ताट. वडाळ्याला लेकीचा साखरपुडा!

"भाऊ, लवकर कर रे. पाव्हने खोळंबलेत," मावशी म्हणाल्या.

सखादादाने झटपट नवी चेन चढवली. चेनची दोन टोकं जोडायला एक लिंक असते. तिच्या दोन पिना आरपार घालून त्याने वरून पट्टी दाबली. एवढ्यात समोरच्या वाण्याने हाक मारली, "कांबळे, फोन!"

"परबसाहेब, लिंक बसवलीय," तो जाता जाता म्हणाला. "फक्त रिपीट मारा. दोन्ही पिनांना, नीट. आलोच!"

रिपीट! इथे फिटरचं काय काम? इंग्रजीचा प्रश्न होता! रिपीट म्हणजे पुन्हा करणे.

मी लिंक काढली. पुन्हा घातली. पिना दोन, म्हणून अजून एकदा काढली, अजून एकदा घातली. आणि गंमत बघा, दर वेळी ती पट्टी आणखी सहज बसायला लागली. मला वाटलं, वा! रिपीटचा गुण तो हाच!

"झाला का नाय?" काका.

"थांबा, रिपीट चालू आहे!"

सखादादा वाण्याच्या दुकानातूनच ओरडला, "मारलं का रिपीट?"

"दोनदा!"

"शाब्बास! सोडा त्यांना!"

काकांनी किक मारली, मावशी ताट सांभाळत मागे बसल्या. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि खळ्ळकन आवाज झाला. चेन रस्त्यावर अशी पडली, जशी सापाने कात टाकावी! गाडी हळूच थांबली. पेढे सलामत, मावशींचं तोंड मात्र सुटलं. ते काही इथे सांगण्यासारखं नाही.

सखादादा धावत आला. लिंक उचलली, निरखली. "रिपीट कुठाय?"

"अहो, मारलं ना! दोनदा काढली, दोनदा घातली."

त्याने गॅरेजकडे बोट दाखवलं. मग विचारलं, "हातोडी कशाला ठेवली होती तुमच्या पायाशी?"

मला वाटलं होतं, अशीच पडलीय!

तेव्हा कळलं. रिपीट म्हणजे पिनेचं तोंड ठोकून पसरवायचं, खिळ्याच्या डोक्यासारखं, म्हणजे पट्टी निसटत नाही. साहेबाच्या 'रिव्हेट'चं आमच्या कारागिरांनी केव्हाच रिपीट करून टाकलं होतं, आणि अख्ख्या भोईवाड्यात ते ठाऊक नसलेला मी एकटाच!

गाडी परत गॅरेजात आणून, चेन चढवून त्याने पिनांमागे लोखंडाचा ठोकळा धरला, हातोडी माझ्या हातात दिली. "मारा आता."

ठक, ठक, ठक! दोन्ही तोंडं पसरली. त्याने पट्टी हलवून बघितली, चाक फिरवलं आणि मान डोलावली.

"सोमवारी या," म्हणाला. बस्स, एवढंच. माझा जीव भांड्यात पडला.

सगळा प्रकार कळल्यावर मावशी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. गाडीवर बसता बसता म्हणाल्या, "कांबळेभाऊ, या दादाला गॅरेजात नको ठेवू. शाळेत पाठव."

मी जरा खुललो. इंग्रजीची कदर करणारं कुणीतरी भेटलं!

"मास्तर म्हणून ना, मावशी?"

"नाय रं बाबा," त्या म्हणाल्या, "पहिलीच्या बाकावर!"