आमच्या शेडमधली लेथ

लग्न होऊन मी केडगावला आले तेव्हा घरामागे पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये एक जुनी लेथ, धातूचा तुकडा फिरवत कापायची मशीन. आमच्या ह्यांनी ती पुण्यातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणली होती. तिच्यावर ते पंपांचे शाफ्ट, म्हणजे आतले फिरते दांडे, आणि ते दांडे ज्या कड्यांत फिरतात ते बुश करून द्यायचे. माझं काम एवढंच, की संध्याकाळी शेड झाडायची आणि खाली पडलेला लोखंडाचा कीस पोत्यात भरायचा.

दुष्काळाच्या त्या वर्षी गावोगाव विहिरी खोल करायचं काम चाललं होतं. पाणी गाळासकट उपसावं लागायचं, त्यामुळे पंप लवकर झिजायचे आणि आमच्याकडे यायचे. नेमके तेव्हाच हे सायकलवरून पडले. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. दुरुस्तीला आलेले पंप दाराशी तसेच पडून राहिले आणि हे रोज स्टुलावर बसून बंद मशीनकडे बघत राहायचे.

एका सकाळी चहा देताना मी म्हटलं, की तुम्ही सांगा, मी चालवते. ते हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "बांगड्या काढाव्या लागतील."

त्यांनी मला कारण समजावून सांगितलं. कापायचा तुकडा ज्या जबड्यात आवळून धरतात त्याला चक म्हणतात. तो जोरात फिरत असताना त्यात पदर, केस, बांगडी काहीही सापडलं तर मशीन माणसाला ओढून घेते. सदऱ्याची बाही गुंतून एका कारागिराचा हात गेलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

कारण पटलं, पण धीर होईना. नवरा जिवंत असताना मोकळे हात कसे ठेवायचे? सासूबाई अंगणात बाजरी पाखडत होत्या. त्यांना विचारलं तेव्हा त्यांचं सूप थांबलं. मग म्हणाल्या, "हात ऱ्हायला तर बांगड्या पुन्हा भरता येतील. आन् गळ्यातलं चोळीत खोच." तेवढ्यावर न थांबता त्यांनी आपलं नऊवारी लुगडं मला दिलं. मागे कासोटा, पदर कमरेला आवळलेला, असं नेसवून त्यांनीच मला शेडच्या दारापर्यंत आणून सोडलं. तरी सुरुवातीला शेजारणी दिसल्या की मी हात पदराखाली घ्यायला बघायची, आणि पदर तर कमरेत खोचलेला असायचा.

हे शिकवायला कडक होते. चक आवळायची चावी तुकडा आवळून झाला की लगेच खुंटीवर टांगायची, चकमध्ये विसरायची नाही. कीस हाताने ओढायचा नाही, लोखंडी आकड्याने ओढायचा. माप मशीन थांबल्यावरच घ्यायचं. प्रत्येक कामाआधी ते माझ्याकडून पत्र्याच्या दारावर खडूने क्रम लिहून घ्यायचे: आधी तुकड्याचं तोंड सपाट करायचं, मग भोक पाडायचं, मग ते मापाला मोठं करायचं, दर खेपेला किती कापायचं आणि कुठे थांबायचं. तो क्रम तोंडाने म्हणून दाखवल्याशिवाय मशीन सुरू करू द्यायचे नाहीत. आता आमच्या पुतण्याकडे कॉम्प्युटरवर चालणारी लेथ आहे. तो हाच क्रम आधी टाइप करतो, आणि मशीनचं दार लागल्याशिवाय ती सुरूच होत नाही. आमच्या लेथला दार नव्हतं. माणसानेच जपून उभं राहायचं.

माझा पहिला बुश वाया गेला, भोक मोठं झालं. दुसरा जमला. हळूहळू दारातले पंप कमी होऊ लागले.

एके दुपारी अकोळनेरच्या एका शेतकऱ्याच्या पंपाचा पितळी बुश करत होते. भोक मापाजवळ आलं होतं आणि वीज गेली. त्या दिवसांत ती कधीही जायची. चक फिरत फिरत थांबला. यांना राहवलं नाही. ते उठले आणि आतून गुळगुळीत झालंय का ते बघायला डाव्या हाताची बोटं त्यांनी भोकात घातली.

आमच्या त्या मशीनची एक खोड होती. वीज परत आली की ती आपोआप सुरू व्हायची.

मी म्हटलं, "अहो, आधी स्विच."

"वीजच नाहीये," ते म्हणाले. त्यांचं लक्ष बुशात होतं.

मी वाद घातला नाही. भिंतीपाशी जाऊन मशीनच्या मेन स्विचचा दांडा खाली ओढला. परत वळले तोच डोक्यावरचा दिवा लागला. त्याची तार वेगळी होती. यांची बोटं अजून बुशातच होती आणि मशीन गप्प उभी होती.

त्यांनी हात बाहेर काढला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि स्टुलावर बसले. मीही दाराशी बसले. मग ते म्हणाले, "आता तू मला सांग सगळं. पहिल्यापासून." मी चावीपासून सुरुवात केली आणि ते ऐकत राहिले. त्याच आठवड्यात त्यांनी वायरमन बोलावून नवीन स्टार्टर बसवून घेतला. त्यानंतर वीज आली तरी बटण दाबल्याशिवाय मशीन हलायची नाही.

अकोळनेरचे ते शेतकरी दुसऱ्या दिवशी आले. प्लास्टरकडे बघून त्यांनी विचारलं, की मग बुश कुणी केला. हे म्हणाले, "हिनं." शेतकऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बुश शाफ्टवर सरकवला, फिरवला, पुन्हा काढून आत बोट फिरवलं. "बसतोय की," म्हणाले, आणि पंप बैलगाडीत चढवायला लागले.

प्लास्टर निघालं, पण मनगट पूर्वीसारखं वळेना. बारीक काम करताना त्यांना कळ यायची. मग शाफ्ट त्यांच्याकडे आणि बुश माझ्याकडे अशी वाटणी आपोआप झाली. दुपारचा स्वयंपाक सासूबाईंनी कुणी न सांगता स्वतःकडे घेतला. संध्याकाळच्या भाकरी मीच करायची. पीठ मळायच्या आधी राखेने हात घासायची, तरी भाकरीला मशीनच्या तेलाचा वास थोडा यायचाच. घरात कुणी कधी त्याबद्दल बोललं नाही.