वाटणीत आलेले टाय-इन

जगातली कुठलीही गोष्ट सरळ सांगून संपते, यावर मुलुंडच्या माझ्या मावसभावाचा काडीइतका विश्वास नाही. लग्नाला जाऊन आला की नवरा-नवरीबद्दल अवाक्षर नाही. पण बासुंदी पातळ का झाली, हॉलच्या वॉचमनचं मेव्हण्याशी का बिनसलं, हे सगळं साग्रसंगीत. हा प्रताप सुपरहिरो कॉमिक्सचा. त्यांत अधूनमधून सगळे सुपरहिरो एकाच महायुद्धात उतरतात. मुख्य लढाई एका मालिकेत आणि तिचे फाटे इतरांच्या अंकांत. या फाट्यांना टाय-इन म्हणतात, आणि माझा भाऊ त्यांचा बिनपगारी वकील आहे. काही टाय-इन ऐन रंगात आल्यावर ‘पुढचं अमक्या अंकात’ म्हणून वाटेला लावतात, हे त्यालाही मान्य आहे. “पण मेन अंकात नुसत्या बिल्डिंगी पडतात रे,” तो म्हणतो. “त्यात राहणारी माणसं टाय-इनमध्येच भेटतात ना.”

त्याने आणि त्याच्या दादाने असं एक अख्खं महायुद्ध घाटकोपरच्या रद्दीवाल्याकडून कॉलेजात असताना जमवायला घेतलं. सगळे अंक हाती आल्याशिवाय एकही वाचायचा नाही, असा दोघांचा नेम. ते पुरे व्हायला वर्षं गेली, आणि झाले तोवर घराच्या वाटणीवरून दोघांचं वाजलं. भांडी वाटली, कपाटं वाटली, कॉमिक्सही वाटली. मुख्य मालिका दादाबरोबर दहिसरला गेली, टाय-इन याच्याकडे राहिले. लढाई कोण जिंकलं ते मोबाइलवर बघ, असं मी एकदा सुचवलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. ते दादाकडचं आहे, दादा देईल तेव्हाच वाचीन, एवढंच त्याचं म्हणणं. दोघांचं बोलणं मात्र बंदच.

गेल्या वर्षी दादाची बायपास झाल्याचं कळलं, तसा हा टाय-इनची पिशवी घेऊन निघाला. एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून मला बरोबर घेतलं. वहिनीने दार उघडलं. दादाने काही न विचारता आपला गठ्ठा काढायला लावला, आणि दोघं पलंगावर अंक क्रमाने लावत बसले. आपले निम्मे टाय-इन भरताड निघाले, असं याने मान खाली घालून सांगितलं.

“ठाऊक होतं मला,” दादा म्हणाला. “म्हणूनच तुला दिले.” मग म्हणाला, “माझ्याकडे सगळी मारामारी आली रे. ती कशावरून, ते तुझ्याकडेच राहिलं.”

माझ्या भावाने पहिला अंक दोघांच्या मध्ये उघडला आणि पानं उलटू लागला.