जमणे

देवरे गुरुजी कोणत्याही पाटीखाली थांबले की ती मोठ्याने वाचत आणि शब्दाचा अर्थ सांगत. ऐकायला कोणी असो वा नसो.

प्लेगनंतरच्या वर्षी आमच्या गुजराती शहरातल्या लिंबायत या मराठी कामगारवस्तीत एका लूम कारखान्याच्या वरच्या मजल्यावर शाळा निघाली. पाटीवर ‘कॉन्व्हेंट’ होते. गुरुजी समोरच्या मराठी शाळेत दुसरीला शिकवत. पटावरचे आणखी एक नाव कमी झाले तर त्यांचा वर्ग बंद होणार होता.

“मूळ शब्द लॅटिन. अर्थ, जमणे,” ते सांगत. “आधी माणसांचं जमणं, मग ख्रिस्ती संन्यासिनींचा मठ, मग त्या चालवतात ती शाळा.”

एकदा ते जिना चढून गेले आणि शाळेच्या मालकाला विचारले, “संन्यासिनी कुठे आहेत?”

मालक हसला. “मास्तर, कॉन्व्हेन्ट एटले इंग्लिश. बीजुं कंई नहीं.” त्याच्या लेखी कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी, दुसरे काही नाही.

मी तेव्हा एका मराठी साप्ताहिकात होतो. गुरुजींनी या शब्दावर चार पाने लिहून आणली. मी आठ ओळी छापल्या. ते कात्रण घेऊन ते घरोघर फिरले. सिंधूबाईंकडे मीही बरोबर होतो. त्यांची मुलगी कविता गुरुजींच्या वर्गात होती आणि तिला तिथून काढायचे ठरत होते.

सिंधूबाई साडीवर टिकल्या चिकटवत होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

“गुरुजी, हाई लॅटिन इंग्लिशनाबी आधीनं शे का?”

“हो. फार जुनं.”

“मंग ती शाळा भारीच व्हई!”

“बाई, तसं नाही...”

“राग नका धरू. मनी पोर लूमवर नको जावाले.”

गुरुजींनी कात्रणाची घडी घातली.

सोमवारी सिंधूबाई दाखला न्यायला आल्या. मीही वर्गात होतो. त्या दाखल्याबरोबर वर्ग संपणार, हे गुरुजींना आणि मला माहीत होते. सिंधूबाईंना त्यांनी सांगितले नाही. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ते एरवी ‘स्थलांतर’ लिहीत. या वेळी वळणदार अक्षरात ‘कॉन्व्हेंट’ लिहिले, शिक्का मारला आणि कवितेच्या हाती दाखला दिला.

“म्हणजे काय, गुरुजी?” तिने विचारले.

“जमणे,” ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून हळू म्हणाले, “आपल्याला नाही जमलं.”