मी 'रिकामं' लिहिलेलं लोकविद्यालय

"रिकामं? मंग हे तीस माणसं काय भुतं हायेत, साहेब?"

पास्टर वानखड्यांनी फॉर्म माझ्या हातात परत ठेवला. सही केली नाही.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता. मी एका खाजगी सर्व्हे कंपनीत होतो. नव्या रस्त्याच्या आखणीत येणारं प्रत्येक बांधकाम फॉर्मवर लिहायचं: घर, शाळा किंवा शेड. शाळेला दुसरी जागा मिळे. शेड नुसतं पाडत. रुआबांधा गावाजवळचा हा हॉल मी आषाढात पाहिला होता. दाराला कुलूप, आत चटयांची चवड. 'शेड, रिकामं' लिहून पुढे गेलो.

आता सही घ्यायला परत आलो, तर पौष होता आणि आत मिशा पिकलेली माणसं मोठ्यानं वाचत बसली होती.

हे पेंटेकोस्टल मंडळींचं लोकविद्यालय होतं. पेंटेकोस्टल म्हणजे सगळे एकाच वेळी, मोठ्यानं, आपापली प्रार्थना करणारे ख्रिस्ती. धान कापून झालं की आसपासचे शेतकरी-मजूर, कुठल्याही धर्माचे, इथेच राहून शिकत. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. पास्टर अचलपूरकडून आले तेव्हा वर्ग झाडाखाली भरे. हॉल पहिल्या तुकडीनं बांधला.

"आषाढात कावून बंद होतं?" मी विचारलं.

"आषाढात माणूस शेतात धानाचा रोवणा करते, बाप्पा! शेजारी कोणाले तरी पुसाचं होतं."

मी ऑफिसात वरिष्ठांकडे गेलो. "सर, री-सर्व्हे पाहिजे. ती शाळा आहे."

"मग शेड कोणी लिहिलं?"

मी फॉर्मवरच्या माझ्या अक्षरावर बोट ठेवलं.

"चूक झाली असं लिहून दे. फाइलला लावतो. पण या आठवड्यात तुझं कन्फर्मेशन आहे, ठाऊक आहे ना?"

कन्फर्मेशन म्हणजे नोकरी पक्की होणं. घरी आजारी वडील होते. ही सबब मी स्वतःला पुष्कळदा दिली आहे.

"राहू द्या, सर."

हॉल विद्यार्थ्यांनीच उतरवला, छपराचं एकही कवेलू न फोडता. एक म्हातारा हसून छत्तीसगढीत म्हणाला, "अब तुँहर कागज सही होगे, साहेब." आता तुमचा कागद खरा झाला, असं. मग सगळ्यांनी प्रार्थना केली. त्या गलक्यात मला माझं नाव ऐकू आलं. शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं.

जागा मिळाली नाही. वर्ग पुन्हा भरला नाही. पास्टर गावी परतले. मी कन्फर्म झालो.

पुढे नव्या सर्व्हेअरना मी शिकवत असे: दार बंद दिसलं तर शेजारी विचारा, पाच मिनिटं लागतात. हे मी कुठे शिकलो, ते एकालाही सांगितलं नाही.