गच्चीवरचा स्पंज

"डोळ्यांना नका विचारू, आजी," असं म्हणत ती बाई नदीचं पाणी तपकिरी काचेच्या बाटलीत भरायची. पाणी तर नितळ दिसतंय, असं मी म्हटलं की तिचं हेच उत्तर.

आमच्या कळसाडीला ती दर तीन महिन्यांनी यायची. कपाशीवर, उसावर मारलेली जुनी औषधं वर्षानुवर्षं जिरत नाहीत म्हणे, ती पाण्यात नि हवेत किती उरली ते तपासायची. हवेसाठी आमच्याच गच्चीवर तिने स्टीलची दोन भांडी एकावर एक पालथी टांगली होती, आत स्पंजची चकती. "हवा यात येऊन बसते," म्हणायची. हातमोजे घातल्याशिवाय स्वतःसुद्धा शिवायची नाही.

आता खरं सांगते, तुम्ही काय परके! मला तिचा हेवा वाटायचा. नदीचं पाणी कसं आहे, हे गावातल्या बाया आधी मला विचारायच्या, आता तिला. आणि माझी सून! माझ्याशी दिवसात चार शब्द. तिच्यासोबत बाटल्या धरून पाण्यात उभी राहिली, की हसणं काठापर्यंत ऐकू यायचं.

"काय बोली ऱ्हायनात व?" मी विचारायची.

"काही नही, आत्याबाई."

फवारणीचे दिवस सरले. बाई येणार म्हणून सून सकाळपासून पोह्यांच्या तयारीत. मी गच्चीवर गेले. स्पंज मळून काळा. काढला, साबण लावून खळखळून धुतला, भांडी राखेने घासली, सगळं वाळवून परत टांगलं. आपल्या घरावर मळकं भांडं बरं दिसत नाही, असं मनाला सांगितलं. मनाला काय ते ठाऊक होतं.

बाईने भांडं उघडलं. साबणाचा वास आला.

"आत्याबाई?" सून म्हणाली.

"पाऊस पडना व्हई," मी म्हटलं. पाऊस महिनाभर नव्हता.

बाईने स्पंज पिशवीत न घालता बाजूला ठेवला. फवारणीच्या दिवसांतली हवाच तर तिला हवी होती. मग वहीत काहीतरी लिहिलं. खाली येऊन सुनेला म्हणाली, "पोहे छान झालेत गं." तेव्हाही मला त्या पोह्यांचाच हेवा वाटला, काय सांगू!

पुढच्या खेपेला दुसराच माणूस आला. "त्या आता या कामावर नाहीत," म्हणाला. वही तीच. त्याने वाचून दाखवलं: "नमुना बाद. बसवताना माझ्याकडून चूक."

"खोटं शे ते!" मी म्हटलं. "मी धुतला, साबण लावून. लिहा हे."

"आजी, अहवाल केव्हाच गेला. आता त्यात बदल होत नाही."

जिन्यात उभ्या सुनेने सगळं ऐकलं. त्या माणसाच्या हातातली बाटली घेतली आणि एकटीच नदीकडे निघाली.