कडेकाकांचं ल्यूबेकचं नाणं

"कडेनं धर!" कडेकाका एवढ्या जोरात ओरडायचे की पाहुण्याच्या हातून नाणं पडायचंच बाकी राहायचं. कार्डिफच्या हॉस्पिटलात लोकांना भूल देण्यात त्यांचा जन्म गेला, पण तो आवाज ऐकून भुलीतला माणूसही उठून बसला असता. 'कडेकाका' हे नाव आम्ही त्यांच्या ज्युनियर डॉक्टरांनीच पाडलं.

नाणं सोन्याचं, ल्यूबेक या जर्मन मुक्त नगराचं. तिथं सोन्याची नाणी पाडायला नुकती सुरुवात झाली होती, तेव्हाचं. एका बाजूला लिलीचं फूल, दुसऱ्या बाजूला उभा संत. काकूंबरोबर लंडनला जाऊन आणलेलं. "एवढी शतकं टिकलंय ते! तुझी घामट बोटं त्याच्या तोंडाला लावायला तू कोण टिकोजीराव लागून गेलास?" हे मी निदान दहादा ऐकलं असेल.

काकू गेल्या. मग काचबिंदूनं काकांची नजर गेली. रोज चहा झाला की ते नाणं चिमटीत कडेनं धरून फिरवत बसायचे. "दिसत नाही, पण आहे हे कळतं. तिचंही तसंच," एकदाच म्हणाले, आणि लगेच मघाचा चहा गार होता म्हणून माझ्यावर खेकसले.

त्यांचा मुलगा समीर लंडनजवळ मेडनहेडला असतो. त्यानं नाणं तपासायला नेलं आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं सील करून आणलं, वर दर्जाचा आकडा छापलेला. "अंकल, डॅडचा कॉइन आता टोटली सेफ आहे. टच केला तर ग्रेड जाणार." आंधळ्या बापाच्या हातात प्लास्टिक! माझं डोकंच फिरलं. काकांनी डबी चाचपली. "ही काय साबणदाणी आणलीस?" एवढंच म्हणाले. ओरडले नाहीत, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. त्यानंतर चहा झाला की ते रिकामी चिमूटच फिरवत बसायचे.

पुढे अंथरुणाला खिळले, तेव्हा एक दिवस म्हणाले, "फोड रे ती साबणदाणी."

मी काकूंचा अडकित्ता शोधला आणि डबी कडाकडा फोडली. नाणं त्यांच्या हातात दिलं, अर्थात कडेनंच. त्यांनी ते तळहातावर घेतलं आणि अंगठा सरळ संताच्या तोंडावर टेकवला.

"काका, कडेनं!" मीच ओरडलो.

"गप रे," ते हळूच म्हणाले. अंगठा काढला नाही.

काका गेले. ग्रेड घालवली म्हणून समीर माझ्याशी बोलत नाही, आणि मलाही त्याचं तोंड बघायचं नाही. नाणं त्यानं पुन्हा सील करून घेतलंय म्हणे.

घेऊ दे. अडकित्ता माझ्याकडे आहे.