टोकावड्याच्या मोटारीचा रंग

मुरबाडच्या बाहेर रस्त्याकडेला आमचं पत्र्याचं शेड आहे. मी आणि माझा नवरा तिथे गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो. पत्रा ठोकून सरळ करायचा आणि गनने रंग मारायचा हे त्याचं काम. पोचे बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरणं आणि ती घासणं माझं. रिक्षा, टेम्पो, दुधाच्या जीपा हे आमचं रोजचं गिऱ्हाईक. म्हणून टोकावड्याच्या भातगिरणीवाल्या शेठनी "आजोबांची जुनी गाडी रंगवायचीय, बघून जा" असा निरोप दिला, तेव्हा मला वाटलं, असेल एखादी जीप.

गिरणीमागच्या पडवीत त्यांनी तुसाच्या गोणी बाजूला केल्या. आम्ही दोघंही बघतच राहिलो. एवढी लांब मोटार मी कधी पाहिली नव्हती. नुसतं बॉनेटच आमच्या स्वयंपाकघराएवढं. पुढचे दिवे पितळी घागरीसारखे फुगीर. मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. ती आमच्याकडे बघून जरासुद्धा हलली नाही.

"विलायतेची हाय," शेठ म्हणाले. "अशा आपल्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच आल्या."

एका छोट्या संस्थानिकांनी ती मागवली होती. संस्थान गेलं, गाडी विकायला निघाली. शेठचे आजोबा तेव्हा लाकडाचे ठेकेदार. त्यांनी ती हौसेनं घेतली, जंगलातल्या रस्त्यांवर फिरवली, आजूबाजूच्या लग्नांना दिली. पुढे एक सुटा भाग मिळेना म्हणून ती पडवीत उभी राहिली ती राहिलीच.

शेठनी ती पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं. कल्याणहून इंजिनाचा एक मिस्त्री यायचा. पत्र्याखाली सगळा लाकडी सांगाडा होता, तो वाळवीनं खाल्ला होता. गावातल्या सुतारानं तो सागाचा नवा बसवला. मग गाडी टेम्पोला बांधून आमच्या शेडमध्ये आली.

आता रंग कुठला द्यायचा?

"हिरवा," शेठ म्हणाले. "मी लहानपणापासून हिरवीच बघतोय."

दुसऱ्या दिवशी डोळखांबहून त्यांची आत्या शेडवर आली. ऐंशीच्या पुढची, काटक बाई. ती याच गाडीतून सासरी गेली होती. रिक्षातून उतरायच्या आधीच तिचा आवाज आला. "हिरवी नाय रे, पांढरी! दुधासारखी पांढरी व्हती. मी बसलेय तिच्यात, तू तवा जन्मला तरी व्हतास का?"

शेठ हसून म्हणाले, "आत्या, तुमी नवरी. डोक्यावरून पदर. तुमाला काय दिसलं असंल?"

"पदरातनंच जास्त दिसतंय," आत्या म्हणाली. माझ्या नवऱ्यानं तिला प्लास्टिकची खुर्ची दिली. त्यानंतर ती रोजच यायची, डब्यात भाकरी बांधून. मी घासायला बसले की खुर्ची माझ्याजवळ ओढायची आणि बोलत राहायची.

मी दरवाज्यापासून सुरुवात केली. पाणी मारायचं, घासायचा खरखरीत पेपर फिरवायचा, पुसायचं. वरचा हिरवा विरळ झाला आणि खालून पांढरा डोकावला. आत्या खुर्चीतून उठली. "बघ गो! मी काय खोटं बोलत व्हते?" तिनं लगेच माझ्या फोनवरून शेठना ऐकवलं.

पण पेपर फिरत राहिला आणि पांढरा पण विरळ झाला. खाली निळा होता. पावसाळा सरल्यावर डोंगर लांबून दिसतात तसा, गडद, शांत निळा. खिडकीच्या खालून एक बारीक सोनेरी रेघ गेली होती. मी बोट ओलं करून तिच्यावरून फिरवलं. ती रेघ हातानं काढलेली होती, कारण एका जागी ती केसभर जाड झाली होती. कुणी कारागीर तिथे क्षणभर थांबला असेल, श्वास घ्यायला. मी नवऱ्याला हाक मारली. तो हात पुसत आला, वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "मला गनने असं जमणार नाय."

हा निळा कुणालाच आठवत नव्हता. शेठ आले, त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून बघितलं आणि हिरव्याचा हट्ट तिथेच सोडला. निळाच द्यायचा ठरलं. आत्या मात्र रुसली. "मंग ही माझी गाडी नाय," म्हणाली आणि डबा उचलून गेली. दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी राहिली. घासताना मला करमेना.

रंग झाला. सोनेरी रेघ मी ओढली, बारीक ब्रशनं. माझीही दोन-तीन ठिकाणी जाड झाली. शेठ म्हणाले, "पहिली चक्कर डोळखांबला. आत्याला घेऊन येऊ." आम्हा दोघांना त्यांनी मागे बसवलं. किन्हवलीच्या बाजारातून जाताना लोक दुकानांतून बाहेर आले. मी ओळखीच्या बायकांना हात केला, पण त्या मला ओळखायच्या आधीच गाडी पुढे गेली.

आत्या अंगणात नाचणी पाखडत होती. तिनं गाडीकडे एकदा बघितलं आणि सूप हलवत राहिली. शेठनी पुष्कळ विनवलं, तेव्हा कुठे लुगडं बदलून आली आणि माझ्या शेजारी ताठ बसली. बाहेर बघेना, बोलेना.

पाड्याबाहेरच्या चढावर इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. शेठचा चेहरा उतरला. शेतातली माणसं धावत आली. आम्ही उतरून ढकलायला लागलो, आणि मागून हसण्याचा आवाज आला. आत्याही खाली उतरली होती आणि पोट धरून हसत होती.

"हीच ती! आता वळखली मी!" ती म्हणाली. "वरातीला पण हितंच बंद पडली व्हती. वऱ्हाडानं ढकलली, नवऱ्यानं फेटा काढून ढकलली. मी आत एकटी, हसू आवरंना. रडायचं सोडून नवरी हसते म्हणून सासूनं किती दिवस ऐकवलं मला."

मग तिनं पदर खोचला आणि हात लावला. "आत्या, तुमी नका," शेठ ओरडले. "तवा नवरी म्हणून ढकलू दिली नाय," ती म्हणाली, "आता कोण आडवणार?"

गाडी चढावर चालू झाली, तशी सगळ्यांनी आरोळी ठोकली. टोकावड्यापर्यंत आत्या बोलत होती: कुणाच्या लग्नात किती माणसं कोंबली, कोण पायऱ्यांवर लटकलं, कुणाला ओकारी झाली. शेठनी तिला पुढे बसवलं आणि भोंगा वाजवायला दिला. तिनं तो गाय दिसली तरी वाजवला, झाड दिसलं तरी वाजवला.

मुंबईहून जुन्या गाड्यांचे शौकीन अधूनमधून ती बघायला येतात. रंगाला नावाजतात, सोनेरी रेघेचे फोटो काढतात. ही कुणी काढली म्हणून एकानं विचारलं, तर शेठनी मला फोनच जोडून दिला. मी तेव्हा एका टेम्पोची लांबी घासत होते. ओल्या हातानं फोन धरून मी त्यांना सांगितलं, मी काढली, आणि हसत बसले.